तेरापैकी तेरा, तरी पाचवे: फ्लोरिडा स्टेटचा 2023 चा हंगाम

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या 2023 च्या हंगामाचा विषय निघाला की गाडी 3 डिसेंबरच्या निवडीवर येऊन अडते. एकही सामना न हरलेला संघ प्लेऑफच्या, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीच्या, बाहेर राहिला.

हे विद्यापीठ 1947 पर्यंत मुलींचे कॉलेज होते. फुटबॉल संघही त्याच वर्षीचा. 1993, 1999 आणि 2013 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. तोवर विजेता ठरवण्यात मतदानाचा हात मोठा असे. 1998 पासून मते आणि संगणकाची गणिते यांची मोट बांधून अव्वल दोघांचा अंतिम सामना लावला जाई. तरीही 2003 मध्ये दोन विजेते निघालेच, आणि 2004 मध्ये अपराजित ऑबर्न अंतिम सामन्याला मुकला. 2014 पासून चार संघांचे प्लेऑफ आले. ते चार निवडायला 13 जणांची समिती बसली.

या समितीच्या नियमांत एक तरतूद होती: महत्त्वाचा खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसल्याने पुढच्या खेळावर परिणाम होणार असेल, तर तेही विचारात घ्यावे. पहिल्याच वर्षी, 2014 मध्ये, ओहायो स्टेट तिसऱ्या पसंतीच्या क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) आला होता. तरी संघाने आपल्या कॉन्फरन्सचा (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) अंतिम सामना 59-0 असा मारला, समितीने त्याला चौथी जागा दिली आणि तोच विजेता ठरला.

फ्लोरिडा स्टेटने 2023 ची सुरुवात एलएसयूला (लुइझियाना स्टेट) 45-24 असे लोळवून केली, मग क्लेमसनला जादा वेळेत 31-24 असे हरवले. 18 नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध मुख्य क्वार्टरबॅकचा पाय जायबंदी झाला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. बदली खेळाडूने फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्ध 24-15 असा विजय मिळवून दिला, पण त्याच्याही डोक्याला मार बसला. लुईव्हिलविरुद्धच्या कॉन्फरन्स फायनलला पहिल्या वर्षाचा तिसरा क्वार्टरबॅक उतरला. आक्रमण रडतखडत चालले, बचावाने सामना 16-6 असा काढला.

त्या आठवड्यापूर्वी समितीच्या क्रमवारीत संघ चौथा होता. जिंकून तो पाचवा झाला! आठवा असलेला अलाबामा जॉर्जियाला 27-24 असे हरवून थेट चौथ्या जागेवर आला. त्याच अलाबामाला सप्टेंबरमध्ये हरवणारा टेक्सास तिसरा. समितीचे म्हणणे एवढेच की क्वार्टरबॅकविना हा संघ वेगळा आहे. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता चारांत न बसण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे युक्तिवाद लंगडा वाटतो. पाय आधीच मोडला असता तर बरे, म्हणजे हा संघ माझ्यापुरता नाही हे दिसले असते, असे खुद्द त्या क्वार्टरबॅकने लिहिले.

पुढे ऑरेंज बाऊल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला 63-3 अशी धूळ चारली. समितीची बाजू घेणारे हाच आकडा नाचवतात. संघाचे दोन डझनांहून अधिक खेळाडू त्या दिवशी उतरलेच नव्हते, हे मात्र सांगत नाहीत. अलाबामाही मिशिगनकडून पहिल्याच फेरीत 27-20 असा हरला.

डिसेंबरमध्येच विद्यापीठ आपल्या कॉन्फरन्सविरुद्ध कोर्टात गेले. तक्रारीचा रोख कॉन्फरन्सशी असलेल्या कराराच्या जाचक अटींवर आणि पैशांवर होता. 2024 पासून प्लेऑफ 12 संघांचे झाले, पण त्या वर्षी फ्लोरिडा स्टेटचे दोन विजय आणि दहा पराभव. मार्च 2025 मध्ये तडजोड झाली: ज्या संघाचे सामने टीव्हीवर जास्त पाहिले जातील, त्याच्या पदरात उत्पन्नाचा जास्त वाटा पडेल.