वेडेल समुद्र: फिरता बर्फ आणि बुडणारे पाणी

पश्चिमेला दक्षिण अमेरिकेच्या दिशेने गेलेले अंटार्क्टिक द्वीपकल्प, पूर्वेला कोट्स लँडचा किनारा आणि दक्षिणेला महाराष्ट्राहूनही विस्तीर्ण असा फिल्शनर-रॉन हा हिममंच (जमिनीवरून समुद्रात पसरलेला बर्फाचा जाड, तरंगता थर), यांच्यामध्ये वेडेल समुद्र पसरलेला आहे. वारे आणि सागरी प्रवाह यांमुळे त्याचे पाणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत राहते. पाण्यावरचा बर्फ या ओघात द्वीपकल्पाशी जाऊन दाटतो, थरावर थर चढवतो आणि उन्हाळ्यातही पुरता वितळत नाही.

सीलच्या शोधात निघालेला जेम्स वेडेल १८२३ मध्ये ७४ अंश १५ मिनिटे दक्षिण अक्षांशापर्यंत पोहोचला, तेव्हा समोर जवळजवळ मोकळे पाणी होते. हे त्या वर्षीचे नशीब म्हणायचे, कारण पुढे दुर्व्हिल आणि जेम्स क्लार्क रॉस या कसलेल्या दर्यावर्दींनाही बर्फाने अलीकडेच अडवले. अंटार्क्टिक मोहिमांचा नेता अर्नेस्ट शॅकल्टन याचे 'एन्ड्युरन्स' हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये बर्फात अडकले, दहा महिने त्याच्याबरोबर वाहत गेले आणि अखेर चिरडले जाऊन २१ नोव्हेंबरला बुडाले. २०१९ मध्ये त्याचा शोध घेणाऱ्या मोहिमेचे पाण्याखालचे स्वयंचलित यान बर्फाखाली हरवले. मार्च २०२२ मध्ये ३,००८ मीटर खोलीवर जहाज सापडले, तेही आश्चर्य वाटावे इतक्या सुस्थितीत, कारण लाकूड पोखरणारे सागरी किडे या थंड पाण्यात नाहीत.

जहाजांच्या या कथा इतक्या रंगतदार आहेत की या समुद्राचे खरे महत्त्व त्यांच्यामागे झाकले जाते. किनाऱ्यावरून येणारे बोचरे वारे नवा बर्फ सतत समुद्राकडे ढकलतात आणि उघड्या पडलेल्या पाण्यावर पुन्हा बर्फ धरतो. गोठताना पाणी आपले बरेचसे मीठ बाहेर टाकते, त्यामुळे खालचे पाणी अधिक खारे आणि जड होते. त्यातले काही हिममंचाखाली शिरते आणि तिथल्या दाबाखाली गोठणबिंदू आणखी उतरत असल्याने उणे दोन अंशांहूनही थंड, तरीही द्रवरूपातच बाहेर येते. पुढे ते खंडीय उतारावरून, म्हणजे खंडाच्या कडेपासून खोल समुद्राकडे उतरणाऱ्या समुद्रतळावरून, वाटेतल्या पाण्यात मिसळत, खोल तळाकडे ओघळते. जगातील महासागरांच्या तळाशी पसरणारे थंड, प्राणवायूयुक्त पाणी ज्या मोजक्या ठिकाणी तयार होते, त्यांत वेडेल समुद्र प्रमुख आहे. गेल्या तीन दशकांत इथला तळपाण्याचा थर आक्रसत असल्याचे मोजमापांत आढळले असून, वारे बदलल्यामुळे किनाऱ्यालगत कमी बर्फ तयार होणे हे त्यामागचे कारण असल्याचे संशोधक सांगतात.