फोटो विकायचाय की फोटोचा हक्क?

‘घरात जुने फोटो निघालेत, चांगली किंमत कुठे मिळेल?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, विकायचंय नक्की काय? समोरचा गोंधळतो. ‘म्हणजे काय, फोटोच!’

ट्रंकेतल्या त्या गठ्ठ्यात दोन वेगळे माल असतात. एक म्हणजे वस्तू, म्हणजे कागद, काच, पुठ्ठा, अल्बम. दुसरा म्हणजे त्यातलं चित्र पुस्तकात, कॅलेंडरवर, माहितीपटात किंवा हॉटेलच्या भिंतीवर छापण्याचा हक्क. दोन्हींचं गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा, कागदपत्रं वेगळी. एक विकला म्हणून दुसरा त्याच्यासोबत जात नाही. तरीही लोक अल्बम विकून टाकतात आणि ‘आता त्यावर आपला काही हक्क नाही’ म्हणून गप्प बसतात. उलट बाजूला, जुन्या बाजारात चारदोनशे रुपयांना फोटो घेणारा त्याचं कॅलेंडर छापतो आणि वर स्वतःच्या नावाचा शिक्का मारतो. दोघंही चुकतात, आणि हे वर्षानुवर्षं चालू आहे.

वस्तू विकणं सगळ्यांना कळतं, म्हणून ते भराभर उरकतो. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, फिरते व्यापारी, लिलावगृहं आणि संग्रहालयं ही गिऱ्हाइकं. व्यापारी आज रोख देतो आणि स्वतःचा नफा आधीच काढून ठेवतो. लिलावात महिनोन्महिने जातात, पण राखीव किंमत ठरवून घेतली असेल तर तिच्याखाली माल जात नाही. लिलावाच्या बातमीत जो आकडा दिसतो त्यात बहुतेक वेळा गिऱ्हाइकानं वर भरलेलं शुल्कही धरलेलं असतं. विकणाऱ्याच्या हातात त्याच्या बरंच आत पडतं, कारण त्याच्याकडूनही कमिशन कापतात. पुठ्ठ्यावर राजा दीनदयाळ किंवा बोर्न अँड शेफर्ड अशा एकोणिसाव्या शतकातल्या नामांकित स्टुडिओचा शिक्का असेल तर लिलावगृहाला दाखवल्याशिवाय कुणाला देऊ नका. अनोळखी कुटुंबाचे सुटे फोटो असतील तर व्यापारीच बरा.

एक तपासणी घरीच करा. नोटा तपासायचा अतिनील किरणांचा छोटा टॉर्च मिळतो, तो अंधारात फोटोवर मारा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच फोटो कागदांत चकाकी आणणारं रसायन असतं आणि ते निळसर-पांढरं उजळतं. ‘१९१०चा मूळ प्रिंट’ असा उजळला, तर तो जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेला आहे. त्या काळचा प्रिंट आणि मागाहून काढलेला प्रिंट यांच्या भावात फार मोठा फरक पडतो. भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नाहीच, छापखान्यातलं चित्र आहे.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. मागच्या बाजूला बॉलपेननं नावं लिहू नका, मऊ पेन्सिल घ्या. अल्बम फोडून ‘चांगले चांगले’ वेगळे विकणाऱ्यांविषयी मला काय वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोण, कुठे, कोणत्या समारंभात हा संदर्भ पानांच्या क्रमात असतो. तो गेला की उरतात अनोळखी चेहऱ्यांचे तुकडे, आणि त्यांना तसलाच भाव येतो.

आता हक्काकडे.

पहिला गैरसमज निगेटिव्हचा. ‘निगेटिव्ह आमच्याकडे आहे, म्हणजे हक्क आमचाच’ हे वाक्य स्टुडिओवाल्यांच्या नातवंडांकडून मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. निगेटिव्ह हीदेखील वस्तूच. काच असो वा फिल्म, ती ज्याच्या कपाटात तो तिचा मालक, एवढंच. कॉपीराइट कायदा, १९५७ कपाट कुणाचं हे विचारत नाही. फोटो कुणी काढला, कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन की आपल्या मनानं, हे विचारतो.

त्या कायद्याच्या कलम १७ नुसार कुणी मोबदला देऊन स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्काचा पहिला मालक तो माणूस, म्हणजे गिऱ्हाईक. फोटोग्राफर नव्हे. पणजोबांनी पैसे मोजून लग्नाचा फोटो काढून घेतला, निगेटिव्ह स्टुडिओत राहिली, पण हक्क पणजोबांचा.

याचा अर्थ स्टुडिओच्या वारसानं नीट समजून घ्यावा. आजोबांच्या स्टुडिओतल्या काचांच्या पेट्या तुमच्या आहेत, त्या खुशाल विका. पण त्यांतल्या ज्या काचांवर गिऱ्हाइकांनी ऑर्डर देऊन काढून घेतलेली जोडपी, मुंजीतले बटू आणि निवृत्त मामलेदार आहेत, त्यांचे हक्क विकायला तुमच्याकडे मुळात आलेलेच नाहीत. याउलट आजोबांनी स्वतःच्या हौसेनं किंवा विक्रीसाठी जे टिपलं, म्हणजे वारी, बाजारपेठ, १९६१चा पानशेतचा पूर, त्याचा हक्क त्यांचा आणि त्यांच्यामागे वारसांचा. एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन काचा, एकीचा हक्क तुमचा, दुसरीचा नाही.

मग कुठली काच कुठल्या जातीची हे ठरवायचं कशावरून? ऑर्डरच्या वहीवरून. क्रमांक, नाव, तारीख, घेतलेले पैसे असं लिहिलेली स्टुडिओची जाडजूड वही म्हणजे तुमचा पुरावा, आणि लोक नेमकी तीच रद्दीत देतात. काचा जपून ठेवतात, वही घालवतात! संग्रह बघायला कुणाला बोलवाल तेव्हा आधी वही दाखवा. समजणारा माणूस असेल तर काचांआधी ती उघडेल.

वृत्तपत्रात नोकरीला असलेल्या छायाचित्रकाराच्या घरच्यांसाठी हिशोब थोडा निराळा. नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो वृत्तपत्रांत-नियतकालिकांत छापण्यापुरता हक्क मालकाकडे जातो. बाकीच्या वापराचा हक्क, करार नसेल तर, छायाचित्रकाराचाच राहतो. सरकारी नोकरीत काढलेले फोटो सरकारचे.

हक्क वारशानं येतो तो सगळ्या वारसांना. ट्रंक धाकट्या काकांकडे असली तरी कागदावर सही आत्याचीही लागते. बांद्र्याची आत्या वीस वर्षं बोलत नाही ही अडचण कायद्याला कळत नाही.

आता मुदत. इथे आणखी एक घोळ आहे, ‘साठ वर्षं झाली की सगळं मोकळं.’ पूर्वी फोटोंसाठी तसाच नियम होता, प्रसिद्ध झाल्यापासून ५० वर्षं, पुढे ती मुदत ६० झाली. २०१२च्या दुरुस्तीनं फोटोंचं ते वेगळं कलमच काढून टाकलं. तेव्हापासून फोटोलाही चित्राचाच नियम लागतो, म्हणजे काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. छायाचित्रकार १९८० साली वारला असेल तर हक्क २०४०च्या अखेरपर्यंत. पण २०१२ आधी ज्याची मुदत संपली होती तो हक्क पुन्हा जिवंत झालेला नाही. त्यामुळे १९४०पर्यंत भारतात प्रसिद्ध झालेले फोटो मोकळे धरायला हरकत नाही. कधीच प्रसिद्ध न झालेल्यांचं गणित किचकट आहे, तिथे वकिलाची फी वाचवू नका.

हक्क संपलाय, मग विकायला काय उरलं? बरंच काही, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. त्या चित्राचा एकमेव चांगला प्रिंट तुमच्याकडे असेल तर प्रकाशकाला तुमच्या दारात यावंच लागतं. तुम्ही हक्क विकत नाही, स्कॅन देण्याचे पैसे घेता आणि तो कुठे, कितीदा वापरायचा हे करारात बांधून घेता. मात्र करार फक्त सही करणाऱ्याला बांधतो. मोठ्या आकाराचा स्वच्छ स्कॅन एकदा फेसबुकवर टाकलात की ते दार कायमचं उघडलं. पाहायला पाठवायचा असेल तर बारका, अंधुक स्कॅन पाठवा. आणि त्यावर आडवंतिडवं स्वतःचं नाव छापून ‘कॉपीराइट राखीव’ लिहिण्याची फॅशन आहे, तिचा मला मनस्वी कंटाळा आहे. शंभर वर्षांपूर्वीचा फोटो स्कॅन करून डाग पुसले म्हणजे नवा हक्क जन्मतो असं समजू नका. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली सांगितलं की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जकता लागते. तो खटला न्यायनिवाड्यांच्या संपादनाचा होता, पण तत्त्व इथेही लागू पडतं.

हक्क शिल्लक असेल आणि तो द्यायचा असेल, तर तोंडी काही ठरवू नका. हक्क हस्तांतर लेखी आणि सही केलेलंच लागतं. कोणता फोटो, कोणता वापर, किती वर्षं, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात तो वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तेवढा हक्क परत येतो. म्हणजे ‘कायमचे सर्व हक्क’ असं छापील वाक्य घेऊन येणाऱ्यापुढे दबून जाण्याची गरज नाही, खोडा आणि तुमचं लिहा. फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव यावं हा आग्रह तर हक्क दिल्यानंतरही धरता येतो, त्यासाठी कलम ५७ आहे.

परदेशी गिऱ्हाइकाचा मोह असेल तर दोन मालांतला फरक आणखी स्पष्ट होतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. जुन्या अल्बमला लंडनहून कितीही मोठी बोली आली तरी तो पार्सलमध्ये घालण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. वापराच्या परवानगीला ही भिंत नाही. स्कॅन ईमेलनं जातो, पैसे बँकेत येतात, अल्बम घरीच राहतो.

माझं मत विचाराल तर घरगुती संग्रह असेल तर वस्तू एकगठ्ठा विका आणि हक्क स्वतःकडे ठेवा, विकण्याआधी सगळ्याचे उत्तम स्कॅन करून. स्टुडिओचा संग्रह असेल, वहीसकट, तर तो पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, दिल्लीचं अल्काझी फाउंडेशन किंवा बंगळुरूचं मॅप संग्रहालय अशा ठिकाणी आधी दाखवा. संस्थेकडे वस्तू आणि वापर दोन्ही एकत्र गेलेले मला चालतात, कारण काचा नीट राहतात आणि अभ्यासकांना सापडतात. पण तिथेही देणगीपत्रात दोन्हींची वेगवेगळी कलमं मागून घ्या.

व्यापाऱ्याला विकताना पावतीवर एक ओळ घाला: ‘ही विक्री फक्त वस्तूंची आहे. चित्रांच्या पुनर्मुद्रणाचे कोणतेही हक्क यात दिलेले नाहीत. विक्रेत्याने स्कॅन स्वतःकडे ठेवले आहेत.’ शेवटचं वाक्य वगळू नका, नाहीतर वर्षभरानं तोच व्यापारी ‘एकमेव प्रत म्हणून घेतली होती’ म्हणत भांडायला येतो. ही ओळ वाचून त्यानं भाव पाडला, तर पाडू द्या. त्याला कागद हवा होता की चित्र, हे तेवढ्यात कळतं, आणि चित्र हवं असेल तर त्याचा भाव वेगळा बसून ठरवायचा.