पावसाळ्याची बेगमी: डब्यात काय भराल, काय नाही

(आमच्या नौपाड्यातील दुकानाच्या ग्राहकांसाठी)

मे संपत आला की दुकानात रोज कुणीतरी विचारतंच, "पावसाळ्यासाठी काय काय भरून ठेवू?" आणि विचारता विचारता हात चिवड्याच्या दोन किलोच्या पिशवीकडे गेलेला असतो. आमच्या गल्ल्याचं नुकसान करून सांगतो, ती पिशवी घेऊ नका. दोनशे ग्रॅमची घ्या, संपली की पुन्हा या.

ठाण्याच्या पावसाळी हवेत मोठी पिशवी रोज उघडली की रोज थोडी दमट हवा आत जाते आणि चिवडा सादळतो. सादळलेला चिवडा कढईत मंद आचेवर परतला की पुन्हा कुरकुरीत होतो. खवट झालेल्याला मात्र इलाज नाही. हवा, उजेड आणि ऊब लागून तेल खवट होतं, तो वास परतून जात नाही. असा पदार्थ टाकूनच द्यावा.

एका ऑगस्टात एक काकू आमचंच पाकीट परत घेऊन आल्या. चार दिवसांत चिवडा मऊ, आणि पिशवीला आतून बारीक थेंब. चूक आमची होती. घाईत चिवडा कोमट असतानाच भरला होता, त्याचीच वाफ आत कोंडली. तेव्हापासून आम्ही परातीत पसरून पूर्ण गार करतो आणि मगच भरतो. घरी केलेल्या चकल्या-शेवेलाही हेच लागू.

आता अडीअडचणीच्या साठ्याबद्दल. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस ठाणेकरांना वेगळा सांगायला नको. 12 ऑक्टोबर 2020 ला पाऊस नसतानाही ग्रिड बंद पडून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. घोडबंदर रोडच्या बाविसाव्या मजल्यावर वीज गेली की लिफ्ट बंद, पंप बंद, इंडक्शन बंद. दहा मिनिटांत सामान पोचवणारा मुलगा तेवढे जिने चढेल या भरवशावर राहू नये. म्हणून साठ्यात असं हवं, जे न शिजवता, थोड्या पाण्यात किंवा पाण्याशिवाय खाता येईल.

चार माणसांना दोन दिवस पुरेल असा आमचा हिशेब: फुटाणे एक किलो, भाजके शेंगदाणे अर्धा किलो, गूळ अर्धा किलो, पातळ पोहे एक किलो, सातूचं पीठ अर्धा किलो, खजूर अर्धा किलो आणि खाकऱ्याची दोन पाकिटं. फुटाण्यांत 100 ग्रॅमला सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत सुमारे 25, त्यामुळे पोटाला आधार राहतो. सातूचं पीठ पाण्यात कालवून गूळ घातला की झालं, लहान मुलंही आवडीने खातात. आणि पातळ पोहे असतील तर दडपे पोहे करा. नारळ फोडून त्याच्याच पाण्याचा हबका मारायचा, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू घालून दडपून ठेवायचं. फोडणी नसली तरी चालतं, आणि पिण्याचं पाणी वाचतं.

पाण्याचं विसरू नका. माणशी दिवसाला तीन लिटर धरलं, तर चौघांना दोन दिवसांचं 24 लिटर होतं. याच कारणाने खारे शेंगदाणे, फरसाण, वेफर्स या डब्यात नकोत. मिठाने तहान वाढते.

काही सूचना माणसांनुसार. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून लाडू द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. मधुमेह असलेल्यांनी गुळाची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू "पौष्टिक आहे" म्हणून मोकळ्या हाताने खाऊ नये. पौष्टिक आहेच, पण गूळही साखरच वाढवतो. त्यांच्या डब्यात फुटाणे जास्त आणि खजूर कमी ठेवा.

शेंगदाणे भरताना मूठभर हातात घेऊन बघा. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाका. त्या बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. कूट एकदम करून ठेवू नका. दाणे अख्खे असताना जास्त टिकतात, कुटले की लवकर खवट होतात. अक्रोडाचंही तसंच, ते फ्रीजमध्ये ठेवा.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा आणि कोरडा. गॅसच्या शेजारच्या फळीवर नको, तिथे ऊब असते. आणि माळ्यावर तर नकोच. माळ्यावरचा डबा दिवाळीच्या साफसफाईतच खाली येतो. रोजच्या हाताशी ठेवा, मुलांना संध्याकाळी त्यातलंच द्या आणि संपेल ते भरा. नवीन माल खाली, जुना वर. एवढी एक सवय लागली की तारखा तपासत बसावं लागत नाही.

गाडीत किंवा ऑफिसच्या बॅगेत फुटाणे-गुळाची छोटी पुडी असू द्या. गायमुखच्या घाटात दोन तास अडकल्यावर तिची किंमत कळते.

पाकीट कुणाचंही घ्या, मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. "नाचणी बिस्कीट" म्हणून घेतलं आणि पहिला शब्द मैदा असेल तर समजून जा. 14 आकडी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांकही बघा.

आमचं पाकीट खवट निघालं तर उघडलेलं असलं तरी परत आणा, बदलून देऊ. घरचे डबे आणलेत तर त्यातच भरून देतो. फक्त कोरडे आणा, धुऊन लगेच नको.