अमेरिकेत राज्य बदललं की ईएमटी लायसन्सचं काय होतं

ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, ॲम्ब्युलन्समधून येऊन पेशंटला सगळ्यात आधी हात लावणारा माणूस. अमेरिकेत असा माणूस ओहायो सोडून टेक्सासला राहायला गेला तर त्याचं लायसन्स आपोआप बरोबर जात नाही, नव्या राज्याकडे अर्ज करून ते परत मिळवावं लागतं, आणि या सगळ्या प्रकाराला तिकडे रेसिप्रॉसिटी म्हणतात. ड्रायव्हिंग लायसन्सवर शेजारच्या राज्यात बिनधास्त गाडी चालवता येते, तसं इथे अजिबात नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी आहे आणि त्या गाडीत डॉक्टर असतो, म्हणून हा प्रकार आपल्याला पटकन कळत नाही. अमेरिकेत गाडीत सहसा डॉक्टर नसतोच, ईएमटी आणि पॅरामेडिक (ईएमटीपेक्षा जास्त शिकलेला, वरच्या पातळीचा माणूस) हेच सगळं बघतात, तेही मेडिकल डायरेक्टरने, म्हणजे त्या सर्व्हिसच्या जबाबदार डॉक्टरने, ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे लेखी नियमांप्रमाणे. मग काय करायचं आणि काय नाही याची रेघ प्रत्येक राज्य आपापली ओढतं. कोलोरॅडोत ईएमटीला जादा ट्रेनिंग घेऊन सलाईनची सुई लावायची परवानगी मिळू शकते, पण तोच माणूस दुसऱ्या राज्यात गेला आणि तिथे ईएमटीला ती मुभा नसेल तर हाताला कितीही सवय असली तरी सुईला हात लावायचा नाही.

लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो नॅशनल रजिस्ट्रीवरून. ही ईएमटी-पॅरामेडिकांची देशपातळीवरची संस्था १९७० पासून आहे, ऑफिस ओहायोतल्या कोलंबस शहरात. ती परीक्षा घेते आणि सर्टिफिकेट देते, पण काम करायची परवानगी देणं तिच्या हातात नाही, ती फक्त राज्याची. तरी राज्य बदलताना सगळ्यात जास्त उपयोग या सर्टिफिकेटचाच होतो कारण बहुतेक राज्यं ते चालू असलं की परत परीक्षा घेत नाहीत. गंमत अशी की बऱ्याच राज्यांत पहिल्यांदा लायसन्स घेताना रजिस्ट्री लागते, नंतर चालू ठेवायची सक्ती नसते, म्हणून माणसं ती सोडून देतात, आणि चार वर्षांनी नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी दुसऱ्या राज्यात लागली की अडकतात. मग शिक्षणाचे तास परत भरा, परीक्षा परत द्या. दर २ वर्षांनी ४० तासांचं शिक्षण दाखवून ३१ मार्चच्या आत रिन्यू करणं याच्यापुढे काहीच नाही, माझ्या मते राज्याने मागितलं नाही तरी ते करावंच.

अर्जाला साधारण काय लागतं तर जुन्या राज्याचं चालू लायसन्स, सीपीआर (बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवणं) शिकल्याचं कार्ड, बोटांचे ठसे देऊन गुन्ह्यांची तपासणी, फी, आणि व्हेरिफिकेशन. हे व्हेरिफिकेशन म्हणजे जुन्या राज्याने परस्पर नव्या राज्याला कळवायचं की बाबा याचं लायसन्स खरं आहे, याच्यावर कारवाई झालेली नाही. आधी ज्या ज्या राज्यात लायसन्स होतं त्या सगळ्यांकडून मागतात बऱ्याच ठिकाणी, आणि अर्ज लांबतो तो बहुतेक इथेच, म्हणून सामान बांधायच्या आधीच हे सुरू करावं.

मराठी माणसांनी नावाकडे नीट बघावं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर बऱ्याच जणींचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, आणि मग रजिस्ट्रीत एक नाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरं, जुन्या राज्याच्या रेकॉर्डमध्ये तिसरं असं होऊन बसतं. नावं जुळली नाहीत की अर्ज तिथेच थांबू शकतो. मेडिकलला जायच्या तयारीत कॉलेजात ईएमटी करणारी आपली पोरं तिकडे आहेतच, घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या, त्यांनाही हे लागू.

कॅलिफोर्नियाचं अजून वेगळं, तिथे पॅरामेडिकला लायसन्स राज्य देतं पण ईएमटीला सर्टिफिकेट देणं मुख्यतः स्थानिक एजन्सीकडे असतं, अशा तीसहून जास्त एजन्सी आहेत. कुठल्याही एकीचं सर्टिफिकेट राज्यभर चालतं, फक्त नोकरी जिथे करायची तिथले स्थानिक नियम वेगळे पाळावे लागतात.

ईएमएस (म्हणजे इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेस) कॉम्पॅक्ट नावाचा राज्याराज्यांतला करार पण आहे. २०१५ मध्ये कोलोरॅडो पहिलं आलं, २०१७ मध्ये जॉर्जिया दहावं आलं आणि करार लागू झाला, प्रत्यक्ष वापर २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या धावपळीत सुरू झाला. एका सदस्य राज्याचं लायसन्स असलेला माणूस दुसऱ्या सदस्य राज्यात कामापुरता जाऊन काम करू शकतो, म्हणजे सीमेपलीकडच्या हॉस्पिटलात पेशंट नेणं, जंगलातल्या वणव्यावर गेलेल्या टीमबरोबर जाणं वगैरे. पण घरदार हलवून तिकडे कायमची नोकरी धरायची तर या करारावर विसंबून चालत नाही, तिथलं लायसन्स घ्यावं. आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यात नाहीतच.

लष्करातल्या लोकांना आणि त्यांच्या जोडीदारांना मात्र २०२३ पासून फेडरल कायद्याने बदलीच्या ठिकाणी जुनं लायसन्स वापरायची सोय दिली आहे, अर्थात अटींसह.

नवं लायसन्स हातात आलं तरी दुसऱ्या दिवशी गाडीवर चढता येत नाही. नवी ॲम्ब्युलन्स सर्व्हिस आधी तिथले प्रोटोकॉल शिकवते आणि काही शिफ्ट अनुभवी ट्रेनरबरोबर बसवते, त्यानंतर तिचा मेडिकल डायरेक्टर हो म्हणाला की मग ड्यूटी.