बिनतारी फुकट वीज: दडपलेला शोध?

“जगभर विनातार, फुकट वीज पोचवण्याचा शोध शंभर वर्षांपूर्वीच लागला, पण तो दडपला गेला,” असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९०१ साली विनातार वीज पाठवण्यासाठी संशोधक निकोला टेस्ला यांच्या मनोऱ्याचे काम सुरू झाले आणि १९१७ साली तो पाडला गेला, एवढे खरे. मात्र दोन तारांच्या वाहिनीत ऊर्जा तारांलगत बांधलेली राहते. मोकळ्यावर लहर पसरते आणि अंतर दुप्पट झाले की त्याच अँटेनाच्या वाट्याला चौथाई शक्ती येते. पृथ्वीलाच एक तार मानले, तरी जमिनीचा रोध वाटेत बरीच ऊर्जा गिळतो. पडताळा घेणे सोपे आहे: प्रक्षेपण केंद्रापासून दहा-वीस किलोमीटरवर, सेलविना चालणाऱ्या क्रिस्टल रेडिओच्या इअरफोनमध्ये बारीक आवाज येतो, पण तिथेच टॉर्चचा बल्ब जोडला, तर तो लुकलुकतही नाही.