गायगर–म्यूलर गणित्र

गायगर–म्यूलर गणित्र : आयनीकारक (अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे करणाऱ्या) प्रारणाचा एकेक कण वा फोटॉन (प्रकाशकण) सुटा मोजणारे वायुभरित उपकरण. व्यवहारात ‘जीएम काउंटर’ हे नाव रूढ आहे.

या उपकरणाचा आरंभ कोणत्या वर्षी मानावा याबाबत एकमत नाही. अर्नेस्ट रदरफर्ड व हान्स गायगर यांनी १९०८ मध्ये मँचेस्टर येथे पितळी नळी व तिच्या अक्षावर ताणलेली तार वापरून आल्फा कण (हीलियमची अणुकेंद्रे) विद्युत् पद्धतीने मोजले. काही लेखक सुरुवात येथूनच धरतात. पण ती नळी आल्फा कणांपुरतीच उपयोगी होती आणि मोजणी फार संथ चाले. गायगर यांच्या १९१३ च्या गणित्रात तारेऐवजी टोकदार सुई होती व त्यात बीटा कणही (वेगवान इलेक्ट्रॉन) टिपले जात. अशा गणित्रांत प्रारणाचा उद्‌गम (किरणोत्सर्गी पदार्थ) जवळ नसतानाही विद्युत् स्पंद उमटत आणि तो उपकरणाचा दोष समजला जाई. जर्मनीतील कील येथे गायगर यांचे विद्यार्थी वाल्टर म्यूलर यांनी या स्पंदांचा माग काढला, तेव्हा त्यांतील बरेचसे विश्वकिरणांसारख्या (अवकाशातून येणाऱ्या किरणांसारख्या) बाह्य प्रारणामुळे येतात, असे दिसून आले. नळीची आजची रचना व तिच्या संवेदनक्षमतेची जाण ही दोन्ही १९२८ मधील असल्याने तेच वर्ष मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

धातूचे नळकांडे हा ऋणाग्र व मधली टंगस्टनची बारीक तार हा धनाग्र असतो. आत निऑन किंवा आर्‌गॉन वातावरणीय दाबापेक्षा पुष्कळ कमी दाबाला भरतात. टोकाला खिडकी असलेल्या नळीत तारेच्या मोकळ्या टोकावर काचेचा इवलासा मणी बसवितात. तो नसेल तर टोकावरूनच विद्युत् विसर्जन होते. आत एक आयन जोडी (सुटा इलेक्ट्रॉन व उरलेला धन आयन) निर्माण झाली तरी तारेच्या सबंध लांबीवर इलेक्ट्रॉनांचा लोंढा पसरतो. त्यामुळे सगळे स्पंद सारख्याच उंचीचे येतात आणि कणाची जात वा ऊर्जा त्यांवरून कळत नाही. विसर्जन थांबविण्यासाठी अल्कोहॉलाची वाफ किंवा हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन यांसारखे मूलद्रव्य) मिसळतात. अल्कोहॉलाचे रेणू प्रत्येक स्पंदाबरोबर तुटत असल्याने अशी नळी साधारण १०<sup>९</sup> गणनांच्या आसपास निकामी होते. हॅलोजनाचे रेणू पुन्हा जुळतात, म्हणून ती नळी कितीतरी अधिक टिकते.

वापरण्यापूर्वी नळीचे ‘पठार’ काढावे. उद्‌गम एका जागी ठेवून विद्युत् दाब २० व्होल्टच्या टप्प्यांनी वाढवीत प्रत्येक टप्प्याला ठराविक वेळ गणना घ्यावी. गणना सुरू होऊन झपाट्याने वाढते, मग जवळजवळ स्थिरावते, हेच पठार. त्याच्या मध्याच्या थोडे अलीकडचा दाब निवडावा. पठार संपून गणना पुन्हा उसळू लागताच दाब लगेच उतरवावा, नाहीतर सततच्या विसर्जनाने नळी खराब होते. १०० गणनांना सु. १०% सांख्यिकीय अनिश्चितता राहते. ती १% वर आणायला १०,००० गणना लागतात.

प्रत्येक स्पंदानंतर नळी सु. १०० मायक्रोसेकंद बधिर असते, म्हणजे नवा कण टिपत नाही. सेकंदाला १,००० गणना दिसल्या, तर खरा दर १,००० ÷ (१ − ०.१) म्हणजे सु. १,१११ असतो. अतितीव्र प्रारणात काही साध्या उपकरणांचा काटा उलट शून्याकडे येतो. ही सर्वांत घातक चूक आहे. म्हणून उद्‌गमाकडे जाताना उपकरण दुरूनच चालू करावे आणि वाचन वाढत वाढत येते आहे ना, हे पाहावे.

आल्फासाठी १.५ ते २ मिग्रॅ./चौ. सेंमी. जाडीची अभ्रकाची खिडकी लागते. ती जेमतेम ७ मायक्रोमीटर असते, बोट लागले तरी फुटते. खिडकीवरची प्लॅस्टिकची टोपी तशीच राहिली, तर आल्फा पूर्णपणे अडतात. आल्फा व बीटा आत शिरले की बहुधा मोजले जातात. गॅमा फोटॉन मात्र शंभरांत एखादाच, तोही भिंतीतून इलेक्ट्रॉन उडाला तर. जात ओळखण्यासाठी मध्ये आधी कागद, मग ४–५ मिमी. ॲल्युमिनियम धरतात : कागदाने गणना घटली तर आल्फा, ॲल्युमिनियमने घटली तर बीटा, उरली ती मुख्यतः गॅमा. मिलिसीव्हर्टमधील (शरीराला मिळणाऱ्या प्रारण मात्रेच्या एककातील) वाचन सामान्यतः सीझियम–१३७ च्या गॅमा किरणांवर जुळविलेले असते. कमी ऊर्जेच्या किरणांना उघडी नळी कित्येक पट जास्त मात्रा दाखविते.

न्यूट्रॉनांसाठी बोरॉन ट्रायफ्ल्युओराइड किंवा हीलियम–३ भरलेल्या नळ्या, तर गॅमा किरणांची ऊर्जा मोजण्यासाठी थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइडाचे स्फटिक वापरतात. भारतात प्रारणकर्मींच्या वैयक्तिक मात्रेसाठी डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेटाच्या चकत्यांचा टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर; तापविल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून मात्रा सांगणारा) बिल्ला प्रचारात आहे.