काल मला काय वाटत होतं?

२८ जानेवारी १९८६ च्या सकाळी फ्लोरिडातून झेपावलेल्या 'चॅलेंजर' अंतराळयानाचे ७३ सेकंदांत आकाशातच तुकडे झाले. आतले सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेत शिकवणारी शिक्षिकाही होती. अमेरिकेतल्या त्या पिढीला हा दिवस कोरल्यासारखा आठवतो, असं सगळेच सांगत.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अटलांटामधल्या एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने १०६ विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. बातमी कळली तेव्हा कुठे होतात, काय करत होतात, कोणी सांगितलं, सोबत कोण होतं, मनात काय आलं, असे साधे प्रश्न होते. कागद गोळा करून ठेवून दिले. अडीच वर्षं उलटून गेल्यावर नायसर आणि त्यांची सहकारी निकोल हार्श यांनी त्यांच्यापैकी ४४ जणांना गाठलं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून अचूकतेचे सातपैकी गुण दिले. सरासरी तीनच्याही खाली आली. अकरा जणांना शून्य मिळालं, म्हणजे त्यांनी सांगितलेली एकही मुख्य गोष्ट त्यांच्याच जुन्या कागदाशी जुळत नव्हती. पैकीच्या पैकी गुण फक्त तिघांना.

एका मुलीने दुसऱ्या दिवशी लिहून दिलं होतं की ती वर्गात बसलेली असताना काही जण बोलत आत आले आणि त्यांच्याकडून तिला कळलं. अडीच वर्षांनी ती खात्रीने सांगत होती की होस्टेलच्या खोलीत मैत्रिणीबरोबर टीव्ही बघताना बातमी आली. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही या विद्यार्थ्यांना मूळ आठवण परत आली नाही. ती पुसलीच गेली होती, आणि तिच्या जागी आलेली नवी आठवण तितकीच ठसठशीत होती.

डायरी लिहिण्याच्या फायद्यांबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा मन मोकळं होण्याबद्दल बोलतात. ते खरं आहे, पुढे त्याकडे येतेच. पण स्वतःला ओळखायचं असेल तर माझ्या मते डायरीचा सगळ्यात मोठा उपयोग या प्रयोगात दिसतो. आपण काल काय होतो हे आपण आठवणीला विचारतो आणि आठवण आजच्या सोयीचं उत्तर देते. हे खोटं बोलणं नव्हे. आठवण दरवेळी नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना आजची माहिती, आजच्या भावना, आजची मतं तिच्यात मिसळतात.

'मी तर आधीपासूनच सांगत होतो' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. जावई निवडताना, फ्लॅट घेताना, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, अमुक घडण्याची शक्यता किती टक्के वाटते? माओंची भेट होईल का, वगैरे. दौरे संपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना त्यांनी दिलेले टक्के आठवायला सांगितले. जे प्रत्यक्षात घडलं होतं त्याला आपण सुरुवातीलाच जास्त टक्के दिले होते, असं बहुतेकांना आठवलं. कागद वेगळं सांगत होते. हे जो तो स्वतःच्या बाबतीत करतो, आणि त्यामुळे आपले अंदाज किती चुकतात हे आपल्याला कधी कळतच नाही. चुकलेला अंदाज आठवणीत गुपचूप दुरुस्त होऊन बसतो.

स्वतःत सुधारणा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा एक प्रयोग १९८४ मधला आहे. मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची कौशल्यं शिकवणारा तीन आठवड्यांचा वर्ग घेतला. सुरुवातीला सगळ्यांनी आपली कौशल्यं कशी आहेत ते लिहून दिलं. मग काहींना वर्गात घेतलं आणि बाकीच्यांना प्रतीक्षायादीत ठेवलं. वर्ग संपल्यावर दोघांनाही विचारलं, तुम्ही सुरुवातीला काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं सांगा. प्रतीक्षायादीतल्यांनी बरंचसं बरोबर सांगितलं. वर्ग केलेल्यांना मात्र आपण सुरुवातीला होतो त्याहून कच्चे होतो असं आठवलं. आता आपले गुण वाढणार अशी त्यांची अपेक्षाही होती. गुण वाढले नाहीत.

म्हणजे प्रगती झाली असं वाटण्यासाठी आज उंच व्हावं लागत नाही, कालची उंची कमी आठवली तरी भागतं. आपल्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं गावोगाव होतात, लोक पदरचे पैसे मोडून जातात आणि 'मी पार बदललो' असं मनापासून सांगतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण शिबिराच्या आधी त्यांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं होतं का, एवढं विचारावंसं वाटतं. अॅन विल्सन आणि रॉस यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हाच कल दिसला. विद्यार्थी आपल्या काही महिन्यांपूर्वीच्या रूपाला, तेव्हा दिले होते त्याहून कमी गुण देत आणि आपण सुधारलो असं मानत.

म्हणून डायरीत काय लिहायचं हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. समजा, कार्यालयात काम करणारी एक बाई रात्री लिहिते, 'आज फार टेन्शन आलं. माझी कदरच नाही इथे. नेहमीचंच.' सहा महिन्यांनी हे वाचून तिला काहीही कळणार नाही. तिने असं लिहिलं तर? 'मंगळवार. ऑडिटवाल्यांसमोर साहेबांनी माझ्या फायलीतली चूक वाचून दाखवली. मी काही बोलले नाही. कान तापले होते. शेजारच्या टेबलावरची सहकारी हसली असं वाटलं. एप्रिलच्या बढतीच्या यादीत आता माझं नाव नसेल, खात्री दहापैकी आठ.'

या दुसऱ्या नोंदीत घडलेली गोष्ट आहे, शरीराला काय झालं ते आहे, आणि 'हसली असं वाटलं' या शब्दांत पाहिलेलं आणि समजून घेतलेलं वेगळं ठेवलेलं आहे. सगळ्यात मोलाचं म्हणजे एक अंदाज आकड्यासकट आहे. एप्रिलमध्ये यादी लागेल तेव्हा तो तपासता येईल. नाव असलं किंवा नसलं तरी या बाईला स्वतःच्या भीतीबद्दल काहीतरी ठोस कळेल.

हा निव्वळ माझा तर्क नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या लुकास लाफ्रेनिअर आणि मिशेल न्यूमन यांनी २०२० मध्ये अतिचिंतेचा विकार असलेल्या २९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माणसं दिवसभरात मनात येणाऱ्या काळज्या लिहून ठेवत आणि पुढे महिनाभर त्या खऱ्या होतात का ते पाहत. तपासता येण्याजोग्या काळज्यांपैकी ९१ टक्क्यांहून जास्त खऱ्या ठरल्याच नाहीत. आणि ज्यांच्या काळज्या जास्त प्रमाणात खोट्या ठरल्या त्यांना आराम जास्त पडला. 'उगाच काळजी करतोस' हे आई, बायको, मित्र सगळे सांगतच असतात, त्याने काही होत नाही. आपल्याच अक्षरात लिहिलेली काळजी खोटी ठरलेली पाहिली की परिणाम होतो.

आता मन मोकळं करण्याबद्दल. १९८६ मध्येच डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना ओळीने चार संध्याकाळी, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, तर काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या घटनेवर. दुखऱ्या घटनेवर लिहिणाऱ्यांतही तीन गट होते: फक्त घटना, फक्त भावना, किंवा दोन्ही. दोन्ही लिहिणारे पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. मात्र लिहून उठल्याउठल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं. उलट मन जड झालेलं होतं, रक्तदाबही वाढला होता. ज्यांनी एकदाच लिहून पाहिलं, त्रास झाला आणि वही मिटून ठेवली, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगते.

त्यानंतर असे प्रयोग जगभर झाले. १९९९ मध्ये जोशुआ स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दमा आणि संधिवाताच्या रुग्णांवर तीन दिवसांच्या लेखनाचा प्रयोग केला. चार महिन्यांनी, दुःखद अनुभवावर लिहिणाऱ्यांपैकी ४७ टक्के रुग्णांत वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगी सुधारणा दिसली. साध्या विषयावर लिहिणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के होतं. अशा आकड्यांनी हुरळून जायला होतं, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. २००६ मध्ये जोआन फ्राटारोली यांनी १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एकूण परिणाम खरा पण लहान निघाला. डायरी ही औषधाची गोळी नाही. फुकट आहे, कुणाच्याही हातात आहे आणि थोडा फायदा करते, एवढं म्हणणं मला पुरेसं वाटतं.

हा फायदा कुणाला होतो हे अधिक रंजक आहे. पुढे पेनबेकर यांनी अशा प्रयोगांत लोकांनी लिहिलेल्या मजकुरातले शब्द संगणकावर मोजले. चार दिवसांत ज्यांच्या लेखनात 'कारण', 'त्यामुळे', 'आता लक्षात येतंय' या अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांची तब्येत जास्त सुधारली. ज्यांचं लेखन पहिल्या दिवसापासून तिथेच घुटमळत राहिलं त्यांना विशेष लाभ झाला नाही. लिहिताना घटनेला मागचं-पुढचं जोडलं जाणं, तिची एक गोष्ट तयार होत जाणं, हे महत्त्वाचं दिसतं. सर्वनामांचंही तसंच. एके दिवशी 'मी'च्या बाजूने आणि दुसऱ्या दिवशी 'तो', 'ती', 'आम्ही' यांच्या बाजूने लिहिणारे लोक पुढे अधिक निरोगी राहिले.

उलटही घडतं. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे मुळातच तोच तो विचार घोळवत बसतात, त्यांना भावनांवर लिहिल्याने सावरायला जास्त वेळ लागला. त्यांच्यातल्या ज्यांनी दिवसभर काय केलं याच्या साध्या नोंदी लिहिल्या ते बरे राहिले. म्हणून तीच जखम रोज रात्री उघडत असाल तर काही दिवस भावना बाजूला ठेवून फक्त घडलेलं लिहावं. आणि झोप, जेवण, कामावरचं लक्ष सगळंच विस्कटलं असेल तर वहीवर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावं, किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करावा, तिथे मराठीतही बोलता येतं.

'का?' हा प्रश्नही जपून वापरायचा आहे. टिमोथी विल्सन यांनी १९९३ मध्ये विद्यार्थिनींना भिंतीवर लावायला एक पोस्टर निवडून घरी न्यायला सांगितलं. काहींना निवडण्याआधी आपल्या आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली. या मुलींची निवड इतरांपेक्षा वेगळी झाली आणि तीन आठवड्यांनी फोन केला तेव्हा त्या आपल्या निवडीवर कमी खूश होत्या. आपल्याला एखादी गोष्ट का आवडते हे आपल्याला बहुतेकदा माहीत नसतं. लिहायला बसलं की शब्दांत सहज मांडता येणारं कारण पुढे येतं आणि तेच खरं वाटू लागतं. 'मी अशी का आहे?' या प्रश्नावर पानं भरण्यापेक्षा 'आज मी कधी आणि कुणासमोर अशी वागले?' हे लिहिणं अधिक उपयोगी पडतं.

चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात आपली एक सवय नोंदवली आहे. स्वतःच्या निष्कर्षांविरुद्ध जाणारी कोणतीही गोष्ट दिसली की ते ती लगेच, न चुकता टिपून ठेवत, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात असं त्यांना अनुभवाने कळलं होतं. ही सवय डायरीत आणता येते. 'मी शांत स्वभावाचा आहे' असं मानणाऱ्याने मुलावर खेकसल्याची नोंद त्याच रात्री करावी. 'माझ्याने कुणाशी बोलवत नाही' असं मानणारीने लग्नात अनोळखी बाईशी छान गप्पा झाल्या तेही लिहावं.

इतकं खरं लिहायचं तर वही कुणी वाचणार नाही याची खात्री लागते, आणि दोन खोल्यांच्या घरात ती मिळणं अवघड असतं. पासवर्ड घातलेल्या फोनमध्ये लिहिलं तरी चालतं. प्रत्येक नोंदीला तारीख हवी. विलेम वाखेनार या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं स्वतःच्या आयुष्यातल्या सुमारे २४०० घटना काय, कोण, कुठे, केव्हा अशा रकान्यांत लिहिल्या आणि मग आपलीच परीक्षा घेतली. 'काय' वाचून घटना बऱ्याचदा आठवे, नुसत्या 'केव्हा'ने जवळजवळ कधीच नाही. तारीख आठवणीत टिकत नाही, म्हणून ती कागदावर हवी आणि तिच्याबरोबर माणसाचं नाव, जागा, एखादा वेगळा तपशील हवा.

रोज लिहायलाच हवं असं नाही. पण तीन-चार महिन्यांनी एकदा सगळं सलग वाचायला हवं, आणि ते बहुतेक जण टाळतात. वाचताना जुन्या नोंदीत खाडाखोड करू नये. आता कळलेलं आजची तारीख घालून खाली लिहावं. किती अंदाज खरे ठरले ते मोजावं. ज्यांच्यावर राग काढला त्यांची बाजू नंतर कळली का ते पाहावं. आणि एकच तक्रार तिसऱ्या-चौथ्यांदा जवळजवळ त्याच शब्दांत आली असेल, तर ती आता लिहून सुटणारी नाही. ज्या माणसाबद्दल ती आहे त्याच्याशी बोलण्याचा दिवस ठरवावा आणि तोही वहीत लिहून ठेवावा.